दानियलकाकांचा श्वास

मागच्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये चांगलंच भांडण झालं... आणि तेही एका श्वासावरून.

आमचं चर्च इंग्रजांच्या काळातलं, दगडी. मोठ्यांचा क्वायर जुना. लहान मुलांचा क्वायर मात्र रूथनं यंदा जानेवारीत सुरू केला. रूथ नर्स आहे. आठवडाभर ड्युट्या करून शनिवारी वीस-बावीस पोरं गोळा करते आणि एकाला "च्युइंग गम थूक आधी" म्हणत दुसऱ्याचा सूर लावते. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, मोठे आणि लहान मिळून एक गीत म्हणणार, असं ठरलं होतं.

मी बेसमध्ये, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्यांत, मागच्या रांगेत. नाशिकच्या अंबडला माझं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. मोटर न उघडता, नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलं की नाही ते सांगतो... त्यावरच घर उभं राहिलं. शिक्षण विचारू नका.

तर पहिली एकत्र प्रॅक्टिस. तिसऱ्या ओळीत "राजा येतो" असे शब्द आहेत. आम्ही मोठे "राजा" म्हणून थांबलो, सगळ्यांनी मिळून मोठा श्वास घेतला... आणि पोरं न थांबता "येतो" म्हणत पुढे निघून गेली. ओळीची पार धूळधाण.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. वसंतभाऊ आमचे क्वायर लीडर, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी हात खाली टाकला.

"रूथ, पोरांना जरा दम धरायला शिकव."

"भाऊ, पुस्तकात तिथं थांबा नाहीये. राजा कुठं येतो? तो तर तुमच्या श्वासापाशीच अडकतो."

पोरं खुदखुदली. तिथंच घोळ झाला... हेडमास्तरांना वर्गातलं हसू चालत नाही.

"तीस वर्षं आम्ही असंच म्हणतोय. पुढच्या शनिवारपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर मुलांनी नुसत्या झावळ्या धरून चालावं. गाऊ नये."

हसू एकदम बंद. पहिल्या रांगेतली आठ वर्षांची एस्तेर रूथकडे बघत राहिली. महिनाभर घरात भांडी घासताना तेच गीत म्हणते, असं तिची आई सांगत होती.

मला खटकलं, कारण माझे कान मला सांगत होते... बरोबर पोरंच आहेत. पण हेडमास्तरांना हे मी, आठवी नापास माणसानं, कसं सांगायचं? तरी घरी जाताना ठरवलं, पोरांचं गाणं जाऊ द्यायचं नाही. मशीन कुठं अडतंय ते सापडलं, की दुरुस्ती होतेच.

आणि मशीन बसवलं होतं दानियलकाकांनी. वसंतभाऊंच्या आधी कितीतरी वर्षं क्वायर त्यांनीच चालवला. नाशकात नवा आलो तेव्हा मला वाचायला नीट येत नव्हतं, तरी त्यांनी क्वायरमध्ये घेतलं. "कान आहेत ना? बास," म्हणाले होते. आता वय ब्याऐंशी, घराबाहेर फारसे पडत नाहीत.

सोमवारी गेलो. सलाम केला, फोनवर प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग लावलं. मनात धाकधूक... काका म्हणाले की श्वास तिथंच, तर विषयच संपला.

काकांनी डोळे मिटून ऐकलं. "परत लाव." परत लावलं. मग ते हसायला लागले... इतके, की खोकला आला. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"अरे सॅमसन... तो माझा दमा आहे रे!"

मला काही कळेना.

"ती ओळ मला एका दमात जमायची नाही. मी तिथं थांबायचो, तुम्ही माझ्याकडे बघून थांबायचात. वाटलं होतं, मी क्वायर सोडला की बंद होईल. इतकी वर्षं माझा दमा गाताय की रे तुम्ही सगळे!"

मी म्हटलं, "काका, मी सांगून उपयोग नाही. तुम्हालाच यावं लागेल." काकूंनी माझ्याकडे असं बघितलं... पण काकांनी तोवर इनहेलर खिशात टाकलासुद्धा. आजच प्रॅक्टिस असल्यासारखा.

शनिवारी रिक्षानं आणलं त्यांना. क्वायरसमोर काठी टेकून उभे राहिले आणि दम्याची सगळी कथा स्वतःच सांगितली. आधी हशा. मग सगळे वसंतभाऊंकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पोरांकडे वळले.

"मुलांनो, तुम्ही पुढे म्हणा. आम्ही तुमच्या मागून येतो."

सोपं नव्हतं हो. तीस वर्षांची सवय... पहिल्या तीन वेळा आम्ही अर्धेजण तिथं अडकलोच. एस्तेर मागे वळून बघायची, अगदी हेडमास्तरीण. सातव्या वेळी ओळ सलग गेली. त्या दिवशी चहा थंड झाला तरी कुणी उठलं नाही.

झावळ्यांचा रविवार. पोरं झावळ्या घेऊन गात आत आली, पुढे उभी राहिली, आम्ही मागे. तिसरी ओळ आली... आणि राजा न अडकता आला. कीबोर्ड वाजवणाऱ्या रूथनं मान वर केली नाही, पण डोळे पुसलेले मी पाहिले.

पहिल्या बाकावर दानियलकाकाही गात होते. अख्खं चर्च गात पुढे गेलं, तेव्हा "राजा" नंतर एक छोटा, घरघरता श्वास मला ऐकू आला. माझ्याशिवाय कुणाला आला असेल, वाटत नाही.

शेवटच्या कडव्यात ती ओळ परत आली. पोरं न थांबता गेली, सगळे गेले... मी मात्र तिथं थांबलो. काकांसोबत.