आईचे बारा शब्द

कुणी काहीही सांगितलं की तो मान किंचित तिरकी करायचा आणि विचारायचा, "मधे कोण?" पुस्तक कुरियरने पाठवते म्हटलं, मधे कोण? सोसायटीचा निरोप वॉचमनने दिला म्हटलं, मधे कोण? एकदा मी त्याच्या लग्नाचा विषय काढून एका वधू-वर सूचक मंडळाचं नाव घेतलं, तर तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. प्रश्न विचारायचीही गरज त्याला वाटली नाही.

सदाशिव पेठेत आमच्याच इमारतीत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत तो राहायचा. मूळचा लोणी काळभोरचा. हडपसरच्या एका कंपनीतली चांगली नोकरी भरल्या ताटावरून उठावं तशी सोडून तो एकट्याने निरोपांचं ॲप बनवत बसला होता. एका फोनमधलं बोलणं थेट दुसऱ्या फोनमध्ये जाणार. मधे कुठली कंपनी नाही, कुणी वाचणारा नाही, आणि हुकूम सोडून बंद पाडता येईल असं एकही ठिकाण नाही. मी मुद्रितशोधन करते. ॲपमधलं मराठी तपासून घ्यायला तो माझ्याकडे आला, तेव्हापासूनची आमची ओळख.

प्रत्येकाचे निरोप कुलूपबंद, आणि किल्ली म्हणजे बारा शब्द. ते फोनच एका यादीतून निवडणार आणि एकदाच दाखवणार. अशा याद्या बहुतेक इंग्रजीत असतात. याला ती मराठीत हवी होती, कारण त्याच्या आईला ती लागणार होती. दोन हजारांवर शब्द आम्ही दोघांनी जमवले. दर रविवारी तो यादी घेऊन लोणीला जायचा आणि आईला वाचून दाखवायचा. ती ज्या शब्दाला अडखळे, तो सोमवारी माझ्याकडे फुली मारून परत यायचा. माझा 'अवकाश' गेला. 'सौजन्य'ही गेलं, आमच्या पेठेत तसंही त्याचं फारसं काम पडत नाही. त्यांच्या जागी 'वैरण' आली, 'उखळ' आलं, 'सांडशी' आली. इतकी कडक संपादक मला आयुष्यात भेटलेली नाही.

वाद झाला तो एकाच वाक्यावरून. शब्द विसरले तर काय, याबद्दल मी लिहिलं होतं की निरोप परत मिळवणं अवघड जाईल. त्याने ते खोडलं आणि लिहिलं, 'निरोप कुणालाही उघडता येणार नाहीत. आम्हालाही नाही.' मी म्हटलं, अरे, माणसं विसरतात, कुठेतरी एखादं मागचं दार ठेव.

"दार ठेवलं की एक दिवस कुणीतरी येतंच, मॅडम," तो म्हणाला.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. साऱ्या जगाने मोकळेपणी बोलावं म्हणून राबणारा, आणि ज्याच्याशी बोलायला कुणी नाही असा. जुन्या मित्रांनी त्याचं कौतुक केलं, ॲप घेतलं आणि ते आपापल्या नेहमीच्या ग्रुपवर परत गेले. त्याच्या ॲपमध्ये दोनच नावं उरली होती, आई आणि मी. मला त्याची कीव यायची. ती दिसू नये म्हणून मी त्याच्या इंग्रजी वळणाच्या वाक्यांवर तोंडसुख घ्यायची.

त्याच्या आईला मी एकदा भेटले. पहिल्या पंधरा मिनिटांत तिने मला गल्लीतल्या प्रत्येक घराची बित्तंबातमी दिली. मग पदर सावरून अभिमानाने म्हणाली, "पर माजं शब्द म्या लेकाला बी सांगितलं न्हाईत. समदं पाठ हायत." ॲपमध्ये स्वतःपुरतं बोलून ठेवायची एक सोय होती. रोज संध्याकाळी ती त्यात काहीबाही बोलून ठेवायची. काय बोलते, हे त्याने तिला कधी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापाने ती गेली. त्या धावपळीत तिचा फोन बंद पडला, आणि चालू केल्यावर ॲपने बारा शब्द मागितले. तो फोन त्याने माझ्या टेबलावर आणून ठेवला. पडद्यावर त्याचंच वाक्य होतं. 'आम्हालाही नाही.'

त्यानंतर काही दिवस तो रोज दुपारी यायचा आणि आम्ही यादी पहिल्यापासून वाचायचो. अंदाजाने शब्द जुळवायला जन्म पुरणार नाही, हे त्यानेच मला सांगितलं होतं. तरी वाचायचो. एखाद्या शब्दाशी थांबून तो म्हणायचा, याला ती हसली होती. मी एकदा विचारलं, निदान पुढच्या लोकांसाठी तरी काही सोय करशील का? त्यावर त्याला रडू फुटलं.

"तिने मलासुद्धा सांगितले नाहीत, मॅडम. मी सांगू नको म्हटलं म्हणून. आता मीच दार ठेवलं, तर तिने कशासाठी पाळलं?"

मी यादीचं पुढचं पान उलटलं.

मग खोली सोडून तो लोणीलाच राहायला गेला. महिन्याभराने मी भेटायला गेले, तेव्हा शेजारच्या काकी चहा घेऊन आल्या. फोन उघडत नाही, हे त्यांच्याही कानावर गेलं होतं.

"आरं, रोज सांजच्याला बोलायची की ती फोनात," काकी म्हणाल्या. "भिंतीपल्याड समदं ऐकू यायचं. तुज्यासंगंच बोलायची. काय म्हनायची, सांगू का?"

त्याचा चेहरा उतरला. त्याने हो म्हणावं असं मला अगदी मनापासून वाटत होतं. त्याने हातातला कप खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "हसायची का, काकी?"

"हसायची बी. मधीच."

"मग बास," तो म्हणाला आणि कप उचलून आत गेला.

काकी मला बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. त्यांना राहवेना. चालता चालता त्या सांगू लागल्या. मी त्यांना थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. बस येईपर्यंत मी सगळं ऐकून घेतलं.

दिवाळीनंतर पुन्हा गेले, तर घराला कुलूप होतं. तो कुठे गेला ते काकींनाही माहीत नाही. त्याची आई त्याच्याशी काय बोलत होती, हे आता काकींना ठाऊक आहे आणि मला. कधीतरी तो येईल आणि विचारेल, असं संध्याकाळी एकटी बसले की वाटतं. पण तो विचारणार नाही, इतकी मी त्याला ओळखते.