आत्यांचं खाकरणं

माझ्या छातीत सिलिकॉन आहे. दोन्हीकडं.

वाचून कुणाला लाज वाटत असंल तर पुढं जा. मला वाटत नाही.

आज आत्यांना जाऊन वर्ष झालं. आत्या म्हणजे माझी सासू. सगळी भावकी त्यांना भ्यायची. मी पण.

लग्न होऊन निरवांगीला आले तवापासून घरात एकच कायदा. मोठं माणूस दारात आलं की डोक्यावर पदर.
पडला तर आत्या बोलायच्या नाहीत. नुसतं खाकरायच्या.
माझा हात आपोआप वर जायचा. पिठाचा असला तरी.

मग कॅन्सर निघाला. बारामतीला तपासणी, पुण्याला ऑपरेशन. दोन्ही काढले. केमोत केस गेले, परत आले.
लोक म्हणाले, वाचली, देवाची कृपा. मी पण म्हणाले.

पण ब्लाऊज रिकामा.

आत्यांनी जुन्या लुगड्याच्या कापडात कापूस भरून दोन गोळे शिवून दिले. घरात बसायला ठीक. उसाला पाणी द्यायला वाकले की एक जागेवर, एक काखेत. खुरपणाऱ्या बाया बघून न बघितल्यासारखं करायच्या. त्याचा जास्त राग यायचा.

एक दिवस दोन्ही काढले आणि दिले पाटात फेकून.
आत्या बांधावरच होत्या. म्हणलं, आता शिव्या बसणार.
त्या वाहत चाललेल्या गोळ्यांकडं बघत म्हणाल्या, "डॉक्टर पक्कं बसवून देतो म्हणला हुता ना? मग रोज कापूस वाळवत कशाला बसायचं?"

गेले पुण्याला. परत टेबलावर झोपले.

घरी आले ती दोन्ही बाजूला नळ्या लावून. नळ्यांना बाटल्या. आत्यांनी खणाची पिशवी शिवली, बाटल्या पिशवीत, पिशवी माझ्या गळ्यात. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. वेणी पण आत्याच घालायच्या. पार डोळे ताणतील एवढी ओढून.

चुलत सासरे तात्या आणि काकी मला बघायला आले. सवयीनं पदर घ्यायला हात उचलला आणि काख फाटली असं वाटलं.
आत्या खाकरल्या नाहीत. माझा हात धरून मांडीवर ठेवला.

"ऱ्हाऊ दे. तात्यांनी तुझं टक्कल बघितलंय. आता केस बघून काय हुतंय?"

तात्या हसले. काकी नाही हसल्या. चहा पिता पिता म्हणाल्या, जीव वाचला तेच लई झालं, ह्या वयात नवीन बसवून कुणाला दाखवायचंय.

माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं.
आत्यांनी कप खाली ठेवला.

"तुझ्या मालकानं गुडघा बसवला. म्या कवळी बसवली. तवा न्हाय कुणी इचारलं, कुणाला दाखवायची म्हणून."

तात्या पाय लांब करून बसले होते. हळूच जवळ घेतला.

पुढं डॉक्टरनं कातडीखाली ठेवलेल्या फुग्यात सुईनं पाणी भरून भरून जागा केली, मग परत ऑपरेशन करून कायमचं बसवलं. छातीवर दगड ठेवल्यागत वाटायचं. दुखत नाही म्हणणारे खोटं बोलतात.

मग डॉक्टर म्हणाले, आता हात वर न्यायचा व्यायाम सुरू करा, नाहीतर खांदा धरंल. भिंतीवर बोटं चढवा.
मी चढवायची नाही. कोण मरंल एवढं. हात नाही गेला वर तर नाही गेला.

एक दिवस घरात आम्ही दोघीच. आत्या खाकरल्या.
मी दाराकडं बघितलं. कुणी नाही.
परत खाकरल्या.
म्हणलं, "कोण आलंय?"
"कुणी न्हाय. पदर घे."

माझं डोकंच फिरलं. म्हणलं, मेले तरी तुमचा पदर काय सुटायचा नाही.
त्या परत खाकरल्या.

हात खांद्यापर्यंत गेला. कळ आली, खाली आला.
चहा ठेवला की खाकर. डाळ निवडायला बसले की खाकर. हात कानापर्यंत जायला लागला. तोवर आत्यांचा घसा बसला. गरम पाणी पीत पीत खाकरायच्या, पण सोडलं नाही.

आणि एका सकाळी दोन्ही हातांनी पदर डोक्यावर नीट बसला.

आत्या बाजेवरून उठल्या. जवळ येऊन बघितलं. कवळी काढून ठेवलेली होती, तरी तोंडभरून हसल्या.
मग स्वतःच्या हातानं माझा पदर मागं टाकला.

"हात गेला ना वर? झालं काम. आता परत घिऊ नको. कुणी इचारलं तर माझं नाव सांग."

सांगते. अजून सांगते.

भवानीनगरच्या लग्नाला गेले ती बिनपदराची. नवीन ब्लाऊज शिवला होता. आत्या टेलरला दम देऊन आल्या होत्या, माप नीट घे, लई मेहनतीचं काम हाय.
मंडपात माझ्यापुढं चालत होत्या. मान अशी, की नवरी त्यांचीच.

त्या गेल्या तवा अंगणात सगळी मोठी माणसं बसलेली. तात्या होते, काकी होत्या. मी तशीच उभी, पदर खांद्यावर. कुणी एक शब्द बोललं नाही.

आत्यांना बाहेर आणलं.
मी दोन्ही हात वर केले आणि डोक्यावर पदर घेतला.

कुणी खाकरलं नव्हतं.

आत्या, हात वर जातो. पार वरपर्यंत जातो.
तुमच्या सुनेचा नमस्कार घ्या.