फेसाआडची भाषा

मुलाच्या लग्नात दोन बाप एकाच बाकावर तीन तास बसले आणि तीन तासांत दोघांच्या तोंडून मिळून एक शब्द फुटला नाही. एक मुलाचा बाप, म्हणजे आपले सलूनवाले दादा. दुसरा मुलीचा बाप, परक्या भाषेचा. दादा हसले की व्याही मान डोलवायचे, व्याह्यांनी मान डोलवली की दादा हसायचे. मूकनाट्याचा इतका लांबलेला अंक कुणी पाहिला नसेल! पुढे सूनबाईकडून कळलं, की घरी गेल्यावर तिच्या वडिलांनी एकच उद्गार काढला होता, "माणूस गर्विष्ठ दिसतो."

हे दादांच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं. ज्याच्या गप्पांसाठी लोक दाढी वाढायच्या आतच खुर्चीत येऊन बसत, तो गर्विष्ठ? आणि आता दोन वर्षांनी व्याही चार दिवस राहायला येणार होते.

"सूनबाई, मला रोज एक वाक्य शिकव," दादा म्हणाले. "तीन महिने हातात आहेत. नव्वद वाक्यांत कुठलाही माणूस जिंकता येतो."

"माझ्याशी तीस वर्षं बोलताय," आतून बायकोचा आवाज आला. "कुठं जिंकलंत?"

पण दादा हटले नाहीत. सूनबाई चिठ्ठी लिहून द्यायची, दादा ती आरशाच्या कोपऱ्यात फेसाच्या ठिपक्याने चिकटवायचे. सलूनसमोरच ट्रकचा तळ होता, आणि तिथले निम्मे ड्रायव्हर सूनबाईच्या मुलखातले. दादांनी त्यांच्या चेहऱ्यांची वाटणीच करून टाकली. उजव्या गालावर हवापाणी, डाव्या गालावर मुलाबाळांची चौकशी, हनुवटीवर प्रवास कसा झाला. आणि वस्तरा गळ्यावर आला की त्या दिवसाचं सगळ्यात अवघड वाक्य. फेसाआडून "हं" यायचं. एखादा भला माणूस अंगावरच्या कापडाखालून अंगठा वर करायचा. फेस पुसून तो तोंड उघडतो न उघडतो, तोच दादांची हाक जायची, "चला, पुढचा!"

"काही चुकलं तर सांगतात का हो ते?" शेजारच्या शिंप्याने एकदा विचारलं.

"आजवर एकानंही नाही म्हटलेलं नाही!"

"गळ्यावर वस्तरा असताना मान हलवायला त्यांना काय जीव जड झालाय?"

दादा पोट धरून हसले आणि विसरून गेले.

व्याही आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी दादांनी त्यांना सलूनमध्ये नेलं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, चेहऱ्यावर मऊ फेस चढवला आणि नव्वद वाक्यांचा प्रयोग सुरू केला. एकही वाक्य अडखळलं नाही. शिंपी दारात येऊन उभा राहिला. तुरटी फिरवून दादा मागे सरले, टाळीची वाट पाहणाऱ्या नटासारखे.

व्याह्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी दादांचा हात धरला आणि धरण फुटावं तसे ते बोलायला लागले.

दादांना काहीच कळेना. ना हवा, ना प्रवास. कुठलं वाक्य कुठं संपतंय तेही नाही. ते हसले. त्यांनी मान डोलवली. पुन्हा हसले. व्याह्यांचं बोलणं हळूहळू मंदावलं आणि थांबलं. त्यांनी दादांचा हात सोडला. आरशात दोन बाप दिसत होते, जणू त्याच बाकावर बसलेले.

तेव्हा कुठे शिंप्याचा टोमणा दादांच्या डोक्यात शिरला. तीन महिने त्यांनी ज्याच्याशी गप्पा मारल्या, त्याचं तोंड त्यांनीच बंद करून ठेवलं होतं!

दादांनी तुरटी खाली ठेवली. मग शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले, ब्रश उचलला आणि स्वतःच्याच तोंडावर ओठांसकट जाड फेस थापला. फेसाकडे बोट दाखवलं, मग कानाकडे, मग व्याह्यांकडे.

व्याही बघतच राहिले. आणि मग असे हसले, की खुर्ची करकरली. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि सावकाश बोलायला सुरुवात केली. आरशाला हात लावून एक शब्द, कात्रीला हात लावून दुसरा. कळलं तरच दादा अंगठा वर करत होते. पहिल्या पाव तासात तो तीनदाच वर आला. फेस सुकायला लागला, तेव्हा व्याह्यांनीच ब्रश भिजवून पुन्हा चढवला.

दुपारची गिऱ्हाइकं दारातून परत गेली. मग व्याह्यांनी हाताने हवेत बाक रेखला, दोघं शेजारी गप्प बसल्याची खूण केली आणि काहीतरी विचारलं. दादांना दोनच शब्द कळले, 'तेव्हा' आणि 'का'. पण तेवढे पुरले.

त्यांनी तळहाताने ओठांवरचा फेस पुसला. कुठल्याच चिठ्ठीवर नसलेलं वाक्य त्यांना शब्द शब्द जुळवून करावं लागलं.

"तुमची भाषा... मला नाही येत. लाज वाटली."

व्याह्यांनी अंगठा वर केला.