चेंडू सोडण्याआधीचं थांबणं

पेणच्या स्टँडवर उतरले तेव्हा बहिणीच्या गावची, जोह्याची एसटी नुकतीच सुटली होती. आयुष्यभर मी गाड्यांच्या मागेच धावत आले आहे. शेवटी रिक्षा करून बहिणीकडे पोहोचले, तर ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत बिनडोळ्यांचे गणपती बसलेले. पाय ठेवायला जागा नव्हती.

सुमन, माझी धाकटी बहीण, मूर्तींची आखणी करते (म्हणजे डोळे रंगवते). तिची लेक सायली अकरावीत आहे. लहान मूर्तींचे डोळे आता तीच काढते, आणि कॉलेजात बेसबॉल खेळते. दुसऱ्या दिवशी रोह्याला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. सुमनला काम सोडून हलता येईना, म्हणून सोबतीला मी.

जेवताना वालाचं बिरडं माझ्या आवडीचं झालं होतं, पण पोरीचा घास काही खाली उतरत नव्हता. खोदून विचारलं तेव्हा कळलं. सायली चेंडू फेकणारी. बेसवर, म्हणजे धावण्याच्या टप्प्यावर, कोणी नसेल तेव्हा ती हात वर नेऊन, पाय उचलून, अंग वळवून ऐसपैस फेकते. त्याला वाइंडअप म्हणतात. पण बेसवर धावपटू उभी असली की एवढा थाट परवडत नाही, तेवढ्यात ती पुढचा बेस गाठते. मग आडवं उभं राहून, दोन्ही हात पोटाशी आणून, क्षणभर पूर्ण थांबायचं आणि आखूड हालचालीत फेकायचं. हा स्ट्रेच. सायलीला ते थांबणंच जमत नव्हतं. न थांबता फेकलं की पंच चूक देतात आणि धावपटू फुकटात पुढे सरकते. गेल्या वर्षी यापायीच तिची निवड हुकली होती.

सुमन वाढता वाढता ऐकत होती. तिने विचारलं, "डोळा काढताना काय करतेस गो?"

"श्वास धरते. कुंचला टेकवायच्या आधी थांबते."

"मग तिथं पण तेच कर. थांबल्याबिगर डोळा सरळ येत नाय."

सकाळी पेणहून रोह्याची गाडी पकडली. खिडकीबाहेर ओली भातशेतं होती. नागोठण्याला डबा उघडला आणि घावण्यांबरोबरची चटणी माझ्या नव्या साडीवर सांडली. सायली हसली, तेव्हा साडीचं दुःख मी तिथेच सोडलं.

मैदानावर पहिल्या दोघींना तिने ऐसपैस फेकून बाद केलं. तिसरी बेसवर पोहोचली. सायलीने घाईत फेकलं आणि पंचांचा हात वर गेला. धावपटू आरामात दुसऱ्या बेसवर. पुढच्या चेंडूला तिने हात पोटाशी आणले, ओठ मिटले, आणि ती थांबली. कुंचला धरलेली सुमनच मला समोर दिसली. चेंडू सुटला, समोरच्या मुलीची बॅट हवेत फिरली. त्यानंतर सायली एकदाही चुकली नाही. निवडीच्या यादीत तिचं नाव पाचवं होतं. मी भर मैदानात रडले, चटणीच्या साडीसकट.

आम्ही घरी आलो तेव्हा सुमन एका मूर्तीचा डोळा काढत होती. तो पूर्ण होईपर्यंत तिने मान वर केली नाही. मग विचारलं, "थांबलीस?"

"थांबले."

तिने फळीवरचा घरचा गणपती खाली घेतला. त्याचे डोळे आजवर तिच्याशिवाय कोणी काढले नव्हते. कुंचला तिने सायलीच्या हातात दिला. लेकीने श्वास धरला, आईने धरला, आणि कडेला बसलेल्या मीही धरला.

दुसऱ्या दिवशी पेणची एसटी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. या खेपेला मी धावले नाही. परत वळले आणि दारातून त्या दोघींना अजून थोडा वेळ बघत बसले.