चोथ्याखालच्या सुया

आईला रोज दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं, हे आम्ही शेजाऱ्यांपासून लपवलं होतं. ताईसाठी वैजापूरकडचं एक स्थळ चाललं होतं. "आईला शुगर म्हणलं की पोरीलाबी होईल म्हणतील," असं आईच म्हणायची. म्हणून मी वापरलेल्या सुया कॅरीबॅगमध्ये टाकायची, वर चहाचा चोथा ओतायची, घट्ट दुहेरी गाठ मारायची आणि पिशवी ओल्या कचऱ्यात द्यायची. सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून दवाखान्यात द्याव्यात, हे मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. त्या उत्तराला पूर्ण मार्क मिळाले होते.

ओल्या कचऱ्यात प्लास्टिक चालत नाही. घंटागाडीवरच्या मावशी प्रत्येक पिशवी हाताने सोडून रिकामी करतात. मी ते रोज बघत होते, तरी माझ्या लक्षात आलं नाही. की मी येऊ दिलं नाही, कोण जाणे.

एका सकाळी खालून मावशींची हाक आली. फाटक्या हातमोज्यातून रक्त येत होतं.

"कोणाच्या घरची सुई हाय ही?"

"आमच्यात नाय बा कोणी आजारी," शेजारच्या काकू म्हणाल्या.

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "आमची नाय."

"भांडायला नाय इचारत, माय. दवाखान्यात इचारतील, सुई कोणाची म्हणून. काय सांगू?"

आतून आईनं ऐकलं होतं. ती चपला घालून खाली उतरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सुई माझी हाय. मला शुगर हाय. चला, माझंबी रक्त तपासू द्या. पोरीला यातलं काय ठाऊक नाय."

तेही मी ऐकून घेतलं.

दवाखान्यात दोघींचं रक्त घेतलं. आई औषधं आणायला गेली, तेव्हा कुठं मावशींना मी सांगितलं, "पिशवी मीच बांधली होती."

"व्हय, ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "रोज तुझीच गाठ सोडते मी. म्हणून तर तुझ्याकडं बघितलं."

आईच्या रक्तात कावीळ, एचआयव्ही असं काही निघालं नाही. मावशींना मात्र खात्रीसाठी काही महिन्यांनी पुन्हा तपासायचंय. वैजापूरचा निरोप अजून आलेला नाही.

आता सुया फिनाइलच्या रिकाम्या, जाड बाटलीत जातात. भरली की झाकण घट्ट लावून मी ती दवाखान्यात देते. चोथा उघडाच देते, पिशवीशिवाय. मावशी नीट बोलतात. मी बादली पुढं करते आणि त्यांच्या बोटाकडं बघत राहते.