येऊ का?

आज सकाळी धरमपेठेतल्या काकूचा फोन आला. ‘‘घरी आहेस का वं? येऊ का?’’ माझं फोडणीकडे लक्षच राहिलं नाही. कढईतली मोहरी करपली आणि त्या वासासरशी काही वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ समोर उभी राहिली.

जर्मनीहून मी नुकतीच कायमची परतले होते. तिकडे विचारल्याशिवाय कुणाचं दार वाजवायचं नाही, म्हणून काकूलाही आधी फोन केला, ‘‘संध्याकाळी आले तर चालेल ना?’’ पोचले तर ती फाटकाशीच, पदर तोंडाशी धरून उभी. मागे काका आणि शेजारच्या दोघी.

‘‘कोन गेलं वं?’’ तिनं फाटकातूनच विचारलं.

‘‘कुणीच नाही. सहजच आले.’’ मी हातातला चॉकलेटचा डबा पुढे केला.

‘‘मंग फोन काहून केला? मले वाटलं, वाईट बातमी घेऊन येऊन राहिली. आपल्या घरी कोनी इचारून येते का?’’ आणि ती रडायलाच लागली.

तेव्हा मला ते अतीच वाटलं होतं. आज गॅस बंद करून मीच कसंबसं विचारलं, ‘‘काकू, कोण गेलं?’’

‘‘कोनी नाही वं,’’ ती म्हणाली. ‘‘तुह्या घरी इचारूनच यावं लागते ना.’’