शंभर दाणे

राहुरीजवळचे सहादू साळवे मोठे हट्टी. तपासल्याशिवाय त्यांनी बी कधी पेरलं नाही. बाजरीचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, चौथ्या दिवशी उकलून कोंब मोजायचे. बुद्धानंच सांगितलंय म्हणायचे, आधी बघा, मग माना.

बायको सुवार्ता ख्रिस्ती. ती हसायची, "अवं, मातीवर इश्वास ठिवा की! मीबी एक दिस अशीच उठनार हाय."

"बघितल्याबिगर मी न्हाई मानत."

नाताळानंतर ती गेली. तिला चर्चच्या दफनभूमीत पुरलं. जूनमध्ये सहादूंनी तिच्या मातीवर मूठभर बाजरी टाकली. न तपासता.

बाजरी टाकून आज बारावा दिवस. दफनभूमी हाकेच्या अंतरावर आहे, पण जन्मभर गोणपाट उकलणाऱ्या त्या माणसाला तिथं जाऊन बघायचा धीर होत नाही.